आय म्हणजे कोण

बंगल्यावर कामाला लागली तेव्हा सोमीला साहेबाची भीती वाटली नाही, कुत्र्याची वाटली नाही. वाटली ती आरशाची. दिवाणखान्यात भिंतीला टेकून माणसाच्या उंचीचा आरसा उभा होता, आणि उघड्या दारातून सगळा तलाव त्यात उतरलेला असायचा. केर काढता काढता ती मागे वळली की पाणी. पुढे पाणी, मागे पाणी, मध्ये हातात झाडू घेऊन आपण. पहिले काही दिवस ती लुगडं वर खोचूनच त्या खोलीत शिरत असे. कान्हा खानसाम्याने हे पाहिलं आणि हसता हसता त्याच्या हातातली किटली हिंदकळली.

"अगो सोमे, कोरडी हाय जमीन. पाय टेक."

खर्डीच्या स्टेशनावर उतरून रानातली वाट धरली की सागाच्या झाडीतून तो तलाव अचानक समोर यायचा. तिथलं पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाई. ते नीट जातंय की नाही हे बघायला साहेब होता, आणि साहेबासाठी टेकाडावर बंगला. सोमीच्या नवऱ्याच्या आज्याचा पाडा त्या पाण्याच्या तळाशी गेलेला. पण म्हातारी माणसं कधी 'होता' म्हणत नसत. आमचा जुना पाडा पाण्याखाली हाय, असंच म्हणत. शेजारच्या गावाविषयी बोलावं तसं. थंडीच्या सकाळी पाण्यावरून धुकं उठू लागलं की सोमीला वाटे, खाली कुणीतरी चूल पेटवली आहे.

ती मूळची मुरबाडकडची. धसईच्या बाजारापलीकडे, डोंगराच्या अंगाला तिचं माहेर. लग्न होऊन इकडे आली ती वाळू नावाच्या उंच, अबोल माणसाबरोबर. वाळू रानात कोळशाच्या भट्ट्या लावायचा. त्याच्या अंगाला सदा धुराचा वास. विलायतेत लढाई सुरू झाली त्या पावसाळ्यानंतर त्याला हिवताप लागला आणि भट्टी विझावी तसा तो आतल्या आत विझला. गंगी तेव्हा मांडीवर होती. भाऊ न्यायला आला. सोमी गेली नाही. का गेली नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. कान्हा मुरबाडचा, म्हणजे माहेरच्या बाजूचा. त्याने साहेबाकडे शब्द टाकला आणि ती बंगल्यावर झाडलोट, धुणंभांडं करू लागली. तो तिला मोठ्या भावासारखा दटावायचा, ती त्याला दादा म्हणायची.

मेमसाहेब उंच, हाडापेराची, तोंडावर मसुरीच्या डाळीसारखे ठिपके. डोक्यावरची गवताची हॅट ती फक्त झोपताना आणि केस विंचरताना काढी. तिला हिंदुस्तानी येत होतं, पण ते सगळं हुकमाचं. लाओ, जाओ, जल्दी, गरम पानी. त्या भाषेत कुणाला हाक मारता येत होती, कुणाशी बोलता येत नव्हतं. साहेब दिवसभर नळांच्या मागे. दुपार लांबच लांब. एकदा मेमसाहेब व्हरांड्यात बसून सोमीकडून केस विंचरून घेत होती. काहीतरी विचारायला म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून "जल्दी" एवढंच निघालं. सोमीने फणी भराभर चालवली. मेमसाहेबाने तिचा हात धरला, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून सोमीला इंग्रजी शिकवायचं ठरवलं.

पहिलाच शब्द तिने घेतला तो हॅव. कुणाला काय आहे हे कळलं की बोलणं सुरू होतं, असा तिचा हिशेब असावा. तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आय." मग हॅट दाखवली, मूठ आवळली आणि म्हणाली, "आय हॅव अ हॅट."

सोमीने खाली पाहिलं.

बाई स्वतःला आय म्हणत होती.

पाड्यावर बायकांना नावाने हाक मारत नसत. पहिलं मूल झालं की त्या मुलाची आय, हेच तिचं नाव. मूल गेलं तरी नाव जात नसे. सोमीच्या शेजारच्या म्हातारीला सगळा पाडा धाकल्याची आय म्हणायचा, आणि तो धाकल्या कधी रांगलासुद्धा नव्हता. मेमसाहेबाची दोन लेकरं झाली आणि गेली, पुण्याला मातीत ठेवलीत, हे कान्हाने सोमीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. इथे या रानात तिला त्या नावाने हाक मारणारं कोण होतं? म्हणून ती आपली आपणच मारून घेते, दिवसभर, प्रत्येक गोष्टीच्या आधी. आय हॅव अ हॅट. आय हॅव अ डॉग. सोमीला कळलं, आणि कळल्यावर तिने एक गोष्ट मनाशी बांधली. हा शब्द आपण उच्चारायचा नाही. दुसरीच्या तोंडातला घास कुणी काढून घेतं का?

म्हणून धडे चालले ते असे.

"यू हॅव हॅट," सोमी मेमसाहेबाला म्हणे. यू म्हणजे तू, हे तिला लगेच उमगलं होतं.

"गुड! अँड यू?"

"हॅव कोयता. हॅव बकरी. हॅव गंगी."

"आय हॅव," मेमसाहेब छातीवर हात आपटून सांगे. "आय, आय."

सोमी पदर तोंडाला लावून हसे आणि पुन्हा म्हणे, "हॅव बकरी." मेमसाहेबाला वाटे, लाजते बिचारी.

मग हॅज आला. गंगी हॅज रिबन. कान्हा हॅज मिशी. त्याचा उच्चार सोमीला आवडला, शेवटी माशी गुणगुणल्यासारखा. बोलताना तिने त्याचा कायदा स्वतःच बसवला: जो बोलण्यात असतो पण समोर नसतो, त्याच्याभोवती ही माशी फिरते. कान्हा व्हरांड्यात आला की ती म्हणे, "आता दादा हॅव." मेमसाहेब कपाळाला हात लावी.

रात्री झोपडीत पडल्यावर सोमी त्या आवळलेल्या मुठीचा विचार करत राही. तिच्या बोलीत मूठ नव्हती. मना ताप हाय, मना झोप हाय, मना पोर हाय. ताप येतो आणि माणसापाशी बसतो, झोप येते, पोर येतं. पाखरं झाडावर येतात तशी. झाड त्यांना धरत नाही. या इंग्रजी हॅवमध्ये मात्र बोटं मिटतात. तिने अंधारात मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली. शेजारी गंगीचा श्वास चालला होता, वरखाली. तो कुणाच्या मुठीत मावणारा नव्हता.

गंगी तोवर सहा-सात वर्षांची झाली होती आणि अर्धी बंगल्यातच वाढली होती. आई जे महिने घालवून शिकली ते तिने येता-जाता उचललं. मेमसाहेब तिचे केस धुवायची, तिला जहाजाची चित्रं दाखवायची. गंगी चित्राला कान लावून पाण्याचा आवाज ऐके. आत चुलीपाशी कान्हा पुटपुटे, "ही पोर एक दिवस इंग्रजीत शिंकंल."

याच कान्हाने सोमीला हॅवचा दुसरा अर्थ सांगितला होता. पाहुणे आले होते, मेमसाहेब केकची बशी पुढे करून "हॅव, हॅव" म्हणत होती. सोमी आत येऊन म्हणाली, "दादा, त्यांना कशाला सांगते, हाय हाय? बशीत दिसतंय की."

"अगो येडे, तो हॅव वेगला. तो म्हणजे घ्या. खा, घ्या."

"हाय पण तोच आणि घ्या पण तोच?"

"साहेबाची रीत. त्याला जे हाय ते घेतलेलंच असतं," कान्हा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन बराच वेळ भांडी घासत राहिला.

सोमी हसली आणि विसरून गेली.

लढाई संपली. त्यानंतरच्या हिवाळ्यात साहेबाची नोकरीही संपत आली. बंगल्यात पेट्या उघडल्या गेल्या. होळीच्या आधी साहेब-मेमसाहेब विलायतेला जाणार, असं ठरलं. मेमसाहेब हल्ली धडे घेत नसे, नुसती पाण्याकडे बघत बसे, आणि बघता बघता तिची नजर अंगणात खेळणाऱ्या गंगीवर येऊन थांबे.

अशाच एका दुपारी तिने सोमीला समोर बसवलं. सोमीला समजेल अशा, धड्यातल्याच शब्दांत विचारायचं, असं तिने ठरवलं असावं. तिने उघडा तळहात पुढे केला आणि अगदी हळू म्हणाली, "सोमी. मे आय हॅव गंगी?"

पहिला शब्द सोमीला नवा होता, घसा साफ केल्यासारखा. बाकीचे मात्र स्वच्छ ऐकू आले. आय. हॅव. गंगी. आयला गंगी आहे? आईजवळ गंगी आहे? आजवर स्वतःला लावलेलं नाव बाई आज सोमीला लावत होती. इतक्या दिवसांनी बाई पुन्हा शिकवायला बसली होती, आणि प्रश्न विचारला होता तोही इतका सोपा, इतका गोड. सोमीचा चेहरा उजळला.

"येस," ती म्हणाली. "हॅव गंगी. हॅव, हॅव!"

मेमसाहेबाने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि ती रडू लागली. सोमीलाही भरून आलं. एवढं एक उत्तर बरोबर आलं, तर बाईला केवढा आनंद!

आठवड्याने शहापूरहून शिंपी येऊन गंगीच्या अंगाचं माप घेऊन गेला. सोमीला वाटलं, जाता जाता परकर-पोलकं देते. मग लाल लोकरीचा कोट आला, गुडघ्याखाली जाणारा, मोठ्या काळ्या बटणांचा. कल्याणहून बूट आले. फेब्रुवारीच्या उन्हात गंगी तो कोट घालून अंगणात फिरली आणि घामाने निथळली, तरी काढीना.

"आये, बोटीत लय थंडी असते," ती म्हणाली. "मेमसाबनी सांगितलं. मी जाणार ना."

सोमीच्या हातातला धुण्याचा पिळा तसाच राहिला.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. कान्हा कांदे चिरत होता.

"दादा, पोर काय बडबडते? कुठली बोट?"

कान्हाने सुरी खाली ठेवली. "आता इचारतेस? तूच दिलीस की गो."

"मी? मी काय दिली?"

"मी चहा घेऊन दारात उभा होतो. तिनं इचारलं, गंगी मना देशील का. तू बोललीस, हॅव, हॅव. घ्या, घ्या. अशी हसून बोललीस, जशी काकडी देतेस. मी मनात बोललो, बाईचं काळीज दगडाचं तरी हाय नायतर लय मोठं तरी."

"तिनं इचारलं, आयला गंगी हाय का. मी बोलली, हाय."

"आय कुठं मधी आली?"

"तीच नाय का बोलत सदा? आय, आय."

हळूहळू कान्हाच्या मिशीखाली काहीतरी हललं, हसू की दुसरं काही, ते कळलं नाही. "सोमे, अगो, आय म्हणजे आय नाय. आय म्हणजे मी."

"मी म्हणजे काय बोलायचं?"

"आय."

"आय म्हणजे आय रे दादा. मी इचारते, मी, मी, मना काय बोलायचं?"

"आय! तेच तर सांगतो. साहेब पण बोलतो आय, तो काय बाळंत झाला?"

सोमी उंबऱ्यावर बसली. साहेबाचं बोलणं तिने कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. इतके दिवस ती बाई नुसतं मी, मी म्हणत होती. तिला त्या नावाने कुणीही हाक मारत नव्हतं, ती स्वतःसुद्धा नाही. आपल्या मुलीच्या आधी सोमीला त्याचंच वाईट वाटलं, आणि मग या वाईट वाटण्याचाच राग आला.

"तिकडं नोकरचाकर ठेवत नाय आता, नायतर तुला पण नेली असती," कान्हा म्हणाला. "पोर शिकंल. बूट घालंल. इथं काय हाय? रान, ताप, आणि फाटका पदर. इचार कर."

"दादा, तू सांग तिला. बोल, चूक झाली."

"मी मधी पडणार नाय. तुझ्या तोंडून गेली, तुझ्याच तोंडून परत येऊ दे."

त्या रात्री तिने विचार केला. कान्हा म्हणाला ते खोटं नव्हतं. तलावाच्या काठाकाठाने तिने मनातल्या मनात गंगीला चालवून पाहिलं, बूट घातलेली, लाल, लहान होत जाणारी. ती वळून बघते का, ते काही केल्या दिसेना. पुन्हा पहिल्यापासून चालवली. पुन्हा तेच. पहाटेला तिला कळलं की आपण तिला थांबवायला नाही, फक्त वळवायला बघतोय, आणि तेवढंही जमत नाही. मग ती उठली, तोंड धुतलं आणि बंगल्यावर गेली.

मेमसाहेब व्हरांड्यात गुडघ्यावर बसून गंगीच्या कोटाची बटणं लावून बघत होती. धुकं पायऱ्यांपर्यंत आलं होतं. पलीकडे माहुलीचे सुळके नव्हते, तलाव नव्हता, नुसता पांढरा उजेड. सोमी समोर उभी राहिली. तिने छातीवर हात ठेवला. मूठ तिला आवळता आली नाही.

"आय," ती म्हणाली. "आय हॅव गंगी."

मेमसाहेबाने टाळी वाजवली. "आय! शेवटी!" असंच काहीतरी ती तिच्या भाषेत म्हणाली, ठिपक्याठिपक्यांचा तिचा सगळा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत न निघालेला शब्द आज निघाला होता. आतल्या दारात कान्हाने डोळे मिटून घेतले.

नको, दिली नाही, चूक झाली, यातला एकही शब्द धड्यात आला नव्हता. कुणाला काय आहे, एवढंच सोमीला सांगता येत होतं. मग तिने तेच सांगायचं ठरवलं. आधी मेमसाहेबाचं सांगावं म्हणून तिने तिच्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. पेट्यांना कुलपं लागली होती. आरसा गोणपाटात गुंडाळला होता. कुत्रा कालच कुणाला तरी देऊन टाकला होता.

"यू हॅव हॅट," सोमी म्हणाली. "आय हॅव गंगी."

मेमसाहेबाचा हात वर गेला आणि हॅटच्या काठाला लागला. तिथेच थांबला. मग तिच्या तोंडावरचं हसू कुणी हाताने पुसावं तसं पुसलं गेलं. तिने कोटाची बटणं खालून वर, एकेक करून, काढायला सुरुवात केली.

"नाय! माझा हाय!" गंगी किंचाळली आणि तिने कोट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

मेमसाहेब उठली. तिने कोट गंगीच्याच अंगावर राहू दिला आणि आत निघून गेली. धुकं विरेपर्यंत ती बाहेर आली नाही.

जाण्याच्या दिवशी सोमीने तिचे केस विंचरले. एकही केस तुटू नये म्हणून फणी फार सावकाश चालली. खर्डीला जाणारी मोटार सागाच्या झाडीत शिरली. गंगी मागे धावली आणि बरीच पुढे गेल्यावर रडत परत आली. ती आईकडे नाही, कान्हाकडे गेली.

नंतरचे दिवस सोमीला नीट आठवत नसत. गंगी तिच्याशी बोलत नव्हती. चुलीच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, कोटात झोपायची. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची. पाखरू फांदीवर होतं, पण पाठ करून. नवा साहेब येईपर्यंत बंगला बंद राहणार होता. सोमीने भाकऱ्या बांधल्या आणि मुलीला घेऊन ती माहेरी निघाली. शहापूरच्या बाजूने, किन्हवलीवरून, पुढे नदी ओलांडून धसई. गंगी दहा पावलं मागे चालत होती. आपण बरं केलं की वाईट, याचा निवाडा करणारं वाटेवर कुणी भेटलं नाही. पळस फुलला होता, आणि ऊन इतकं स्थिर होतं की चालूनही वाट सरत नव्हती.

नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. सोमी पलीकडे जाऊन उभी राहिली. गंगी मधोमध थांबली, आणि पाण्याकडे बघतच तिने विचारलं, "आये, बोटीत माणसं झोपतात कुठं?"

इतक्या दिवसांत हे पहिलं बोलणं. सोमीला ठाऊक नव्हतं. तिने आयुष्यात पाण्यावर होडीशिवाय काही पाहिलं नव्हतं.

"झोळ्या असतात," ती म्हणाली. "एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. सगळ्या एकदम हलतात."

"साहेब लोक झोळीत?"

"मंग? त्यांना कोण झोके देणार? समुद्रच देतो."

"खोटं," गंगी म्हणाली. पण ती पाण्यातून बाहेर आली, आणि बरोबर चालू लागली. "आणि चूल? बोटीत चूल पेटवली तर बोट जळत नाय?"

सोमीने थोडा विचार केला आणि चुलीचं सांगितलं. गंगीला ते पटलं नाही. मग तिने बकऱ्यांचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं, बोटीत कुणी मेलं तर काय करतात ते विचारलं. कोट तिने डोक्यावर घेतला होता, उन्हासाठी. धसईच्या बाजाराचा कालवा ऐकू येईपर्यंत सोमी बोट बांधतच होती.